अर्धी भिंत, अर्धी कादंबरी

प्रश्न : माझे वय 48 आहे. बैठकीच्या खोलीच्या तीन भिंती मी स्वतः रंगवल्या, चौथीवर प्राइमर लावला आणि तिथेच थांबले. त्याला आता दोन वर्षे झाली. पुस्तकांच्या कपाटाची दारे तयार आहेत, पण ती बसवलेली नाहीत. आतल्या खोलीकडे जाणाऱ्या वाटेतला जुना दिवा काढल्यापासून तिथल्या तारा चिकटपट्टी गुंडाळून लोंबत आहेत. मुलीसाठी विणायला घेतलेला स्वेटर तिला लहान होऊन गेला तरी सुयांवरच आहे, भरतकामाचे एक टेबलक्लॉथ रिंगमध्ये अडकून आहे आणि सात वर्षांपूर्वी सुरू केलेली कादंबरी 140 पानांवर अडली आहे. माझे पती म्हणतात की मी एकही काम तडीस नेत नाही. मला आता मातीकाम शिकायची इच्छा आहे, पण ते बोलून दाखवायचीही लाज वाटते. मी आळशी आहे का? आधीचे सगळे संपेपर्यंत नवीन काही सुरूच करू नये का? आणि हे संपणारच नसेल, तर या सगळ्याबरोबर राहायचे कसे?

उत्तर : तुमच्या पत्रातील यादी मी दोनदा वाचली आणि पहिल्या प्रश्नाचे उत्तर मला त्या यादीतच सापडले. आळशी माणूस तीन भिंती रंगवत नाही आणि 140 पाने लिहीतही नाही. प्रत्येक काम नेमके कुठे अडले आहे, हे पाहण्यासारखे आहे. भिंतीचे काम रंगाच्या अलीकडे थांबले, कपाटाचे बिजागऱ्यांपाशी, स्वेटरचे बहुधा पाठ-पोट विणून झाल्यावर बाह्या आणि शिवणीच्या आसपास, आणि कादंबरी बऱ्याच कादंबऱ्या जिथे अडतात तिथे, म्हणजे मध्यावर. ज्या ठिकाणी कामाची जात बदलते तिथे तुम्ही थांबता. भिंत घासणे आणि प्राइमर मारणे हे हात चालवण्याचे काम आहे, तर शेवटच्या हाताआधी कडांना पट्टी लावणे, जड सामान सरकवणे आणि उरलेला रंग पुरेल की नाही याचा हिशेब करणे हे वेगळ्या चिकाटीचे काम आहे. लाकूड कापण्यात जो आनंद आहे तो बिजागरी अर्ध्या मिलिमीटरने इकडेतिकडे सरकवण्यात नाही. सुरुवात करणाऱ्याला लागणारे कौशल्य आणि शेवट करणाऱ्याला लागणारे कौशल्य ही दोन वेगळी कौशल्ये आहेत, आणि तुमच्याकडे पहिले भरपूर आहे. याला स्वभावदोष म्हणण्यापेक्षा अपुरा सराव म्हणणे मला अधिक बरोबर वाटते.

अर्धवट कामे मनात का टोचत राहतात, याचा विचार मानसशास्त्राने बराच आधी सुरू केला. बर्लिनमध्ये मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन यांच्या हाताखाली काम करणाऱ्या ब्लुमा झायगार्निक यांनी 1927 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना मणी ओवणे, कोडी सोडवणे अशी छोटी कामे दिली, त्यांतली निम्मी मध्येच थांबवली आणि नंतर असे आढळले की थांबवलेली कामे लोकांच्या अधिक लक्षात राहिली होती. हा निष्कर्ष पुढे फार प्रसिद्ध झाला, पण नंतरच्या अभ्यासांमध्ये स्मरणाचा हा फरक सातत्याने दिसला नाही. त्याच गटातील मारिया ओव्सियांकिना यांनी 1928 मध्ये नोंदवलेली दुसरी गोष्ट मात्र अधिक टिकाऊ ठरली : मध्येच थांबवलेले काम कोणी सांगितले नसतानाही माणसे आपणहून पुन्हा हाती घेतात. त्या रिकाम्या भिंतीपाशी तुमची पावले रेंगाळतात ती याच ओढीमुळे, आणि ही ओढ दाबून टाकण्याची गरज नाही.

तुमच्या तिसऱ्या प्रश्नासाठी याहून उपयोगी शोध 2011 मधला आहे. मासिकाम्पो आणि बाउमाइस्टर या संशोधकांनी असे दाखवले की अपूर्ण उद्दिष्ट दुसऱ्या कामाच्या वेळी मनात लुडबूड करते, परंतु ते केव्हा, कुठे आणि कसे पूर्ण करायचे याचा नेमका बेत आखला, की काम तसूभरही पुढे गेलेले नसताना ती लुडबूड थांबते. म्हणजे मनाला लगेच समाप्ती हवी असतेच असे नाही. त्या कामाचे काय ठरले आहे हे कळले तरी ते पुष्कळदा शांत होते. तुमच्या घरातल्या सहा वस्तूंपैकी एकीचेही काही ठरलेले नाही. त्या चालू नाहीत, बंद नाहीत आणि कोणाला देऊन टाकलेल्याही नाहीत. म्हणून माझा सल्ला असा की सगळे पूर्ण करण्याचा संकल्प बाजूला ठेवावा आणि आधी प्रत्येक वस्तूचा निकाल लावावा. हे करायचे, हे थांबवून ठेवायचे किंवा हे सोडायचे, असा तो निकाल असेल. सोडायचे ठरवणे हाही निकालच आहे आणि त्याला कमी लेखू नये.

हा निकाल लावताना घरातली कामे आणि तुमची स्वतःची कलाकामे यांना एकाच मापाने मोजू नका. पत्रात तुम्ही भिंत आणि कादंबरी एकाच यादीत ठेवली आहेत, आणि मला वाटते तुमच्या मनातला अर्धा गुंता तिथूनच सुरू होतो. 2010 मध्ये डार्बी सॅक्सबी आणि रीना रेपेटी यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात नोकरी करणाऱ्या, पती आणि पत्नी मिळून 60 जणांनी स्वतःच्या घराची फेरी मारत, जे दिसेल ते शब्दांत सांगितले होते. ज्या स्त्रियांच्या बोलण्यात पसारा आणि अपुरेपण यांचे शब्द जास्त आले, त्यांच्या शरीरातील कॉर्टिसोल या ताणाशी निगडित संप्रेरकाची पातळी दिवसभरात जशी उतरायला हवी तशी उतरत नव्हती आणि दिवस सरता सरता त्यांचे मनही अधिक खिन्न होत होते. अर्धवट भिंतीमुळेच हे घडते, असे यावरून सिद्ध होत नाही. थकलेल्या माणसाला घरही अपुरेच दिसू शकते. तरी रोज डोळ्यांसमोर येणारे अपुरेपण ही केवळ नीटनेटकेपणाची हौस नव्हे, एवढे तरी त्यातून मानता येते. कादंबरीची फाइल कोणाच्या वाटेत येत नाही. भिंत येते, आणि ती तुमच्याबरोबर राहणाऱ्या प्रत्येकाच्या वाटेत येते.

म्हणून घरातल्या प्रत्येक कामाला विचारायचा पहिला प्रश्न असा : याची वाट कोण पाहत आहे? इथे एक जुनी गोष्ट सांगण्याजोगी आहे. 1481 मध्ये फ्लॉरेन्सजवळच्या एका मठाने लिओनार्दो दा विंची यांच्याकडे वेदीसाठी चित्र मागितले. ते अर्धवट टाकून पुढच्याच वर्षी लिओनार्दो मिलानला गेले. मठातल्या साधूंना चित्र हवे होते, म्हणून अखेर त्यांनी ते काम फिलिप्पिनो लिप्पी यांच्याकडे सोपवले आणि लिप्पींनी 1496 मध्ये आपले चित्र पूर्ण करून दिले. लिओनार्दोंचे तपकिरी, अपुरे चित्र आज उफ्फीत्सी संग्रहालयात आहे आणि लोक ते आवर्जून पाहतात. या गोष्टीचा पहिला भाग लोक स्वतःच्या समाधानासाठी नेहमी सांगतात. मला दुसरा भाग अधिक महत्त्वाचा वाटतो. ज्यांना चित्राची गरज होती त्यांनी दुसऱ्याकडून ते करून घेतले, आणि त्यामुळे कोणाच्याही प्रतिभेला कमीपणा आला नाही. कपाटाची दारे एखाद्या सुताराने बसवली तरी ते कपाट तुम्हीच केलेले राहील. कादंबरीचे 141 वे पान मात्र दुसरे कोणी लिहू शकत नाही. जे दुसऱ्याला देता येते ते द्यावे, म्हणजे जे देता येत नाही त्यासाठी हात मोकळे राहतात.

आता तारांविषयी, आणि इथे मी सल्ला देत नसून आग्रह करत आहे. चिकटपट्टी हे विजेच्या तारांचे कायमचे आवरण नव्हे. तिचा डिंक उष्णतेने आणि काळाने सुटतो आणि तांबे उघडे पडते. मुख्य स्विच बंद करून, जाणकार वायरमनकडून त्या टोकांना कनेक्टर लावून घ्या आणि त्यावर बंद झाकणाची पेटी बसवून घ्या. नवा दिवा कोणता घ्यायचा हे ठरायला आणखी वर्ष लागले तरी चालेल. घरात रंगकाम किंवा लाकडाला तेल लावण्याचे काम अर्धवट राहिले असेल, तर आणखी एक गोष्ट तपासा. जवसाच्या तेलाने भिजलेली फडकी चुरगळून ढिगात पडली, तर सुकताना होणाऱ्या रासायनिक क्रियेतून स्वतःच तापतात आणि कधी कधी पेटही घेतात. ती मोकळ्या हवेत पसरून वाळवावीत किंवा पाणी भरलेल्या, झाकणाच्या धातूच्या डब्यात ठेवावीत. इजा करू शकणारे अपुरे काम या सगळ्या चर्चेच्या बाहेरचे आहे. ते तसेच ठेवून त्याबरोबर जगायला शिकण्याचे काहीही कारण नाही.

भिंतीचे काम तुम्हाला स्वतःच करायचे असेल, तर दोन वर्षांपूर्वी जिथे सोडले तिथून ते सरळ पुढे नेता येणार नाही, हे आधी मान्य करावे लागेल. प्राइमर हा शेवटचा थर म्हणून बनवलेला नसतो. इतक्या काळात त्यावर धूळ आणि हातांचा तेलकटपणा बसला असणार, तेव्हा बारीक पॉलिश पेपरने हलके घासून, ओल्या फडक्याने पुसून, वाळू देऊन, गरज पडल्यास प्राइमरचा आणखी एक हात द्यावा लागेल. उरलेल्या रंगाचा डबा उघडून पाहा. आंबूस, कुजकट वास आला तर तो रंग गेला. वास नसेल आणि ढवळल्यावर तो एकजीव होत असेल तर चालेल. नवा डबा आणावा लागला तर त्याच क्रमांकाची छटाही किंचित वेगळी निघू शकते. तुमच्या बाबतीत सुदैवाने काम भिंतीच्या मध्यावर न थांबता कोपऱ्यावर थांबले आहे, आणि कोपऱ्यावर दोन छटांमधला फरक डोळ्यांना सहसा जाणवत नाही. पुढे कधी रंगकाम थांबवावे लागले, तर असेच कोपऱ्यावर थांबवा आणि छटेचा क्रमांक डब्याच्या झाकणावर लिहून ठेवा.

या कामाला किती वेळ लागेल हे ठरवताना स्वतःच्या अंदाजावर विसंबू नका. कानेमान आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी 1979 मध्येच दाखवून दिले होते की आपण कामाचा अंदाज करताना कामाचे चित्र डोळ्यांसमोर आणतो आणि तशाच मागच्या कामांना किती वेळ लागला होता हे विसरतो. 1994 मध्ये ब्युहलर, ग्रिफिन आणि रॉस यांनी विद्यार्थ्यांना त्यांचा प्रबंध कधी पूर्ण होईल हे विचारले, तेव्हा त्यांचा सरासरी अंदाज सुमारे 34 दिवसांचा होता. प्रत्यक्षात सुमारे 55 दिवस लागले. सगळेच बिनसले तर किती लागतील, असे विचारल्यावर त्यांनी दिलेला आकडाही 49 दिवसांच्या आतबाहेरच होता, म्हणजे त्यांचा सर्वांत निराशावादी अंदाजसुद्धा आशावादीच निघाला. तेव्हा तुम्हाला भिंत एका सुट्टीच्या दिवसाची वाटत असेल, तर पहिल्या तीन भिंतींना प्रत्यक्षात किती दिवस लागले होते ते आठवा आणि त्यावरून हिशेब मांडा. तेवढे दिवस येत्या महिन्यात मोकळे काढता येत नसतील, तर रंगाऱ्याला बोलवा. स्वतःच्या हाताने करण्याचा आग्रह आणि दोन वर्षे वाट पाहणारे घर यांच्यात घराच्या बाजूने कौल देण्यात कसलीही हार नाही.

तुमच्या पतींचे वाक्य मला अन्यायकारक वाटते, पण ते सर्वस्वी निराधार आहे असे म्हणता येणार नाही. सामाईक खोल्यांविषयी बोलण्याचा त्यांना पूर्ण हक्क आहे. त्या वाटेतून तेही अंधारात जातात. तुमच्या स्वेटरविषयी आणि कादंबरीविषयी मात्र त्यांना निवाडा करण्याचा हक्क नाही, आणि “एकही काम” या दोन शब्दांत ते हे सगळे एकत्र करून टाकतात. एखाद्या शांत वेळी त्यांच्याशी बोलताना ही वाटणी स्पष्ट मांडा : भिंत, कपाट आणि तारा यांचे काय करायचे, कोणी करायचे आणि कधीपर्यंत, हे दोघांनी मिळून ठरवायचे, आणि त्यातले एखादे काम त्यांनी अंगावर घ्यायला हरकत नसावी. तुमची विणकामे आणि लेखन एका ठरावीक कपाटात किंवा खणात राहतील, आणि त्या खणाचे दार बंद होत असेल तोवर त्याविषयी टीका होणार नाही. ही मर्यादा तुमच्याही उपयोगाची आहे. खण भरला, की आतले काहीतरी संपवावे, उसवावे किंवा देऊन टाकावे लागेल, आणि तो निर्णय तुमची अपराधी भावना नव्हे, तर खणातली जागा करील.

स्वेटर माझ्या मते सोडून द्यावा. ज्या अंगासाठी तो मोजला होता ते अंग आता राहिलेले नाही. शिवाय इतक्या वर्षांनी हाताचा ताण बदलतो. जुने टाके आणि नवे टाके एका मापाचे येत नाहीत आणि तो फरक पट्ट्यासारखा दिसतो. चांगल्या लोकरीसाठी आणि घातलेल्या वेळेसाठी जीव तुटेल हे मी समजू शकते, पण ती लोकर वाया गेलेली नाही. उसवून, लडी करून, कोमट पाण्यात भिजवून आणि खाली हलके वजन बांधून वाळत टाकली, की तिच्यातले वळ बरेचसे जातात आणि ती पुन्हा विणता येते. मुलीला आधी विचारा मात्र. काही मुलांना आईने अर्धे विणलेले काहीतरी तसेच जपून ठेवायचे असते, आणि तो निर्णय तिचा असू द्या.

टेबलक्लॉथ आजच रिंगमधून काढा. ताणून राहिलेल्या कापडावर रिंगची वर्तुळाकार खूण पक्की होत जाते, आणि कापडात टोचून ठेवलेली सुई दमट हवेत गंजली तर तो डाग सहसा निघत नाही. पूर्ण करायचे की नाही हे नंतर ठरवता येईल. त्याआधी ते नीट थांबवून ठेवा : कापड गुंडाळून, वापरातल्या धाग्यांचे क्रमांक एका चिठ्ठीवर लिहून आणि पुढचा टाका कोणता हे त्याच चिठ्ठीवर नोंदवून. काम थांबवणे हेही एक काम आहे आणि आपल्यापैकी बहुतेक जण ते करतच नाहीत. आपण काम थांबवत नाही, ते नुसते थांबते. मग वर्षभराने हाती घ्यायला जावे, तर पहिली संध्याकाळ आपण कुठे होतो हे शोधण्यातच जाते, आणि ती नकोशी संध्याकाळ टाळण्यासाठी आणखी एक वर्ष जाते. हातात असलेल्या वेळाची शेवटची दहा मिनिटे अशी चिठ्ठी लिहिण्यासाठी राखून ठेवली, तर परत येणे निम्म्याने सोपे होते. विणकामात सुईचा क्रमांक आणि ओळ लिहावी, सुतारकामात प्रत्येक स्क्रूची पुडी त्या त्या भागाला बांधून ठेवावी. कच्च्या लाकडाच्या फळ्या भिंतीला टेकवून ठेवू नयेत. मध्ये पातळ पट्ट्या घालून आडव्या रचाव्यात, नाहीतर दोन्ही बाजूंना सारखी हवा न लागल्याने त्या वाकतात. तुमची दारे दोन वर्षे कशी ठेवली होती हे मला माहीत नाही, पण सुताराला बोलावण्यापूर्वी ती सपाट आहेत का, एवढे पाहून घ्या.

कादंबरीविषयी थोडे अधिक लिहावेसे वाटते, कारण पत्रातल्या तुमच्या शब्दांवरून तीच सर्वांत जड आहे असे दिसते. सात वर्षांपूर्वी जिने ती सुरू केली ती 41 वर्षांची होती. तिला त्या कथेतून जे शोधायचे होते ते कदाचित तिला मधल्या काळात दुसरीकडे सापडले असेल, आणि तसे असेल तर मजकूर अडला आहे असे न म्हणता तो आपले काम करून थांबला आहे असे म्हणावे लागेल. हे तपासण्याचा एक मार्ग असा : 140 पाने हातात लेखणी न घेता, दुरुस्ती न करता, परक्याचे लिखाण वाचावे तशी दोन-तीन बैठकांत वाचून काढा. वाचून झाल्यावर, पुढे काय होते हे जाणून घ्यायची उत्सुकता तुम्हाला वाटली की फक्त हे संपवले पाहिजे असे वाटले, हे प्रामाणिकपणे लिहून काढा. उत्सुकता वाटली, तर पुढच्या प्रसंगाचा आराखडा अर्ध्या पानात लिहा आणि रोज थांबताना पुढचे वाक्य माहीत असतानाच थांबा, म्हणजे दुसऱ्या दिवशी कोऱ्या पानासमोर बसावे लागणार नाही. फक्त कर्तव्य वाटले, तर त्या पानांमध्ये स्वतंत्र कथा म्हणून उभे राहू शकेल असे एखादे प्रकरण आहे का ते पाहा. कादंबरीच्या मध्यावर अडलेल्या पुष्कळ मजकुरात एक चांगली दीर्घकथा असते. तीही नसेल, तर पाने एका पाकिटात घालून वर तारीख टाका आणि खणात ठेवा. तिच्याविषयी कोणी विचारले तर “लिहीत आहे” असे सांगणे मात्र थांबवा. हे उत्तर दर वेळी देताना जे ओझे वाटते, ते मजकुराच्या ओझ्यापेक्षा पुष्कळदा मोठे असते.

राहिला मातीकामाचा प्रश्न. आधीचे सगळे संपेपर्यंत नवीन काहीच सुरू करायचे नाही, हा नियम ऐकायला शिस्तीचा वाटतो, पण जे सोडून द्यायला हवे तेही त्याच्यामुळे ओढत न्यावे लागते आणि शिकण्याची वर्षे निघून जातात. वर्गाला जरूर जा. अट एवढीच ठेवा की तारांचे काम झालेले असावे, भिंतीचे कोण आणि कधी हे ठरलेले असावे आणि खणात मातीच्या अवजारांना जागा असावी. तुमच्या स्वभावाला हे माध्यम मानवेल असेही मला वाटते. माती फार काळ वाट पाहत नाही : प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळले तर भांडे काही दिवस ओलसर राहते, पण एकदा पूर्ण सुकले की त्याला नवी मूठ जोडता येत नाही, कारण ओली मूठ सुकताना आकसते आणि जोडापाशी चीर पडते. त्यामुळे पुढची पायरी ठरलेल्या मुदतीत करावीच लागते. आणि एखादे भांडे मनासारखे झाले नाही, तर भट्टीत जाण्यापूर्वी ते पाण्यात भिजत घातले की विरघळून त्याची पुन्हा माती होते. ती मळून दुसऱ्या कामाला घेता येते. पहिल्याच दिवशी शिक्षकांना विचारून घ्या की दोन वर्गांच्या मधल्या आठवड्यात अर्धे झालेले भांडे तिथे कसे आणि कुठे ठेवतात.